वीस महिन्यांची लेक, ८.३ किलो वजन आणि दिवसभर दुधाची बाटली

प्रश्न थोडक्यात असा. भांडुपला राहणारं कुटुंब, आईवडील दोघंही नोकरीला. मुलगी वीस महिन्यांची, वजन ८.३ किलो, उंची ७७ सेंटिमीटर. जन्माचं वजन २.७ किलो, पहिल्या वाढदिवसाला ७.८. नऊ ते साडेपाच पाळणाघरात, नंतर आजीजवळ. दिवसभरात चार बाटल्या म्हणजे साधारण ८०० मिली दूध, त्यातली एक पहाटे आणि एक झोपताना. जेवणाला डाळीचं पाणी आणि दोन-चार घास भात, मधेमधे बिस्किटं. मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. भुकेचं टॉनिक द्यावं का, आणि वजनासाठी कोणती पावडर चांगली, असं आईने विचारलं आहे.

आधी आकडे नीट वाचू. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात वीस महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन १०.६ किलो आहे. ८.४ च्या खाली गेलं की 'कमी वजन' आणि ७.५ च्या खाली गेलं की 'तीव्र कमी वजन'. तुमची लेक पहिल्या रेषेच्या किंचित खाली आहे. पण एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, कारण उंचीही तिच्या वयाच्या मानाने कमीच आहे आणि ७७ सेंटिमीटर उंचीला ८.३ किलो म्हणजे हाडाची काडं झालेली नाहीत. खरी नोंद घ्यायची ती वेगाची. एक वर्ष ते वीस महिने या काळात मुली साधारण पावणेदोन किलो वाढतात, ही अर्धाच किलो वाढली आहे. आईवडील बुटके-बारीक असले तर मूलही खालच्या रेषेवर चालतं, पण ते त्या रेषेला धरून चालतं. रेषा सोडून खाली घसरणं हे आईबापाच्या बांध्यावर ढकलता येत नाही.

दंडाचा घेर मोजलेला नसेल तर मोजून घ्या, अंगणवाडीत त्याची रंगीत पट्टी असते. १२.५ सेंटिमीटरच्या वर असेल तर घरच्या घरी सुधारणा करायला वेळ आहे. ११.५ ते १२.५ असेल तर डॉक्टरांना दाखवा. ११.५ च्या खाली, किंवा पायावर सूज असेल, तर पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आता भूक कुठे जाते ते पाहू, कारण ती नसते असं नाही. पिशवीवर टोन्ड लिहिलेल्या दुधात ३ टक्के फॅट असतं आणि १०० मिलीमागे साधारण ५८ कॅलरी. ८०० मिलीच्या झाल्या ४६५. चार ग्लुकोज बिस्किटांच्या ८०-९०. डाळीचं वरचं पाणी वाटीभर प्यायलं तरी जेमतेम १५-२०. भाताच्या घासांचे पन्नास-साठ धरले, तर दिवसाचे सव्वासहाशेच्या आसपास. लेकीला आहे ते वजन टिकवायलाच जवळजवळ एवढं लागतं, मागे पडलेलं भरून काढायला ८५० ते ९०० हवेत. दूध पोटात जागा अडवतं, बिस्किटं जेवणाच्या तासभर आधी भूक मारतात, आणि उरलेल्या जागेत आपण पाणी ओततो. बऱ्याच घरी बाटलीतल्या दुधात 'पचायला हलकं' म्हणून अर्धं पाणीही घालतात. तुमच्याकडे तसं असेल तर हिशोब आणखीच खाली येतो. वर्षाच्या पुढच्या मुलाला दूध पातळ करण्याची काहीच गरज नसते.

जास्त दुधाचा दुसरा तोटा लोहाचा. दुधात लोह नगण्य असतं आणि जे दुसऱ्या अन्नातून येतं तेही ते नीट शोषू देत नाही. लोह कमी झालं की भूक मंदावते, भूक मंदावली की मूल दुधावर राहतं. हे चक्र आधी तोडावं लागतं. म्हणून आहार बदलायच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडून रक्ताची साधी तपासणी करून घ्या, शक्य असेल तर फेरिटिनसह (त्यातून शरीरातला लोहाचा साठा कळतो). लघवीची तपासणीही करा, कारण मुलींमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग कधीकधी ताप न दाखवता फक्त वजन अडवून धरतो. मुंबईत आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: घरात, चाळीत, पाळणाघरात कुणाला टीबी आहे का, लेकीला दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप राहिला आहे का. उत्तर 'हो' असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. बाकी पाच हजारांचं 'फुल बॉडी' पॅकेज करण्याची गरज नाही.

लोह कमी निघालं तर औषधाचा डोस डॉक्टर वजनावरून ठरवतील. ते दुधाबरोबर द्यायचं नाही. वरणभातावर लिंबू पिळून दिल्यावर तासाभराने दिलं तर चांगलं लागू पडतं. शी काळी होते, त्याला घाबरू नका. आजीच्या कपातलं चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र बंद. चहाही लोह अडवतो. जंताचं औषध एक ते दोन वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल २०० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० ची अर्धी गोळी चुरून देतात. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत ते मिळतं, तिथे दिलं गेलं असेल तर पुन्हा देऊ नका.

आता दूध. एका दिवसात तोडायचं नाही, दहा-बारा दिवसांत ८०० वरून ४५० मिलीवर यायचं. पहिली सोडायची ती पहाटेची बाटली, कारण तीच सकाळचा नाश्ता खाऊन टाकते. त्या बाटलीतलं दूध दर दोन दिवसांनी ४० मिलीने कमी करत न्या. शेवटी तिथे फक्त दोन घोट पाणी राहील. झोपतानाची बाटली जेवणानंतर पेल्यात आणा आणि दात पुसूनच झोपवा, नाहीतर पुढचे दात किडतात आणि किडक्या दाताचं मूल चावायला नकार देतं. या काळात चार-पाच रात्री रडारड होईल. घरातल्या सगळ्यांनी ती आधीच मान्य केलेली बरी. एकाने बाटली लपवायची आणि दुसऱ्याने काढून द्यायची, असं झालं तर लेक फक्त जास्त रडायला शिकते.

त्याच वेळी टोन्ड सोडून फुल क्रीम दूध सुरू करा. त्यात ६ टक्के फॅट, १०० मिलीला ८५ ते ९० कॅलरी. ४५० मिलीतून पावणेचारशे ते चारशे कॅलरी मिळतात, म्हणजे आधीच्या ८०० मिलीपेक्षा फार कमी नाहीत, आणि पोटात ३५० मिलीची जागा मोकळी होते. सगळी मेख या मोकळ्या जागेत आहे. तबेल्याचं म्हशीचं दूध येत असेल तर तेही चालेल, पण उकळूनच. एक गंमत बहुतेक मराठी घरांत चालते: दूध तापवलं की वरची जाड साय तुपासाठी डब्यात जाते आणि खालचं दूध लेकराला. वजन कमी असलेलं मूल घरात आहे तोवर साय त्याच्या वाटीत गेली पाहिजे. पोळीच्या बारीक तुकड्यांवर चमचाभर साय आणि किंचित साखर हा फार जुना आणि फार चांगला नाश्ता आहे.

जेवण वाढवायचं म्हणजे वाटी मोठी करायची नाही. या वयाच्या मुलाचं पोट लहान असतं. वाटी तीच ठेवून तिच्यातला माल वाढवायचा. दीडशे मिलीची आमटीची वाटी धरा. तिच्यात २५ ग्रॅम तांदूळ आणि १० ग्रॅम मूगडाळीचा मऊ भात बसतो, त्याच्या सुमारे १२० कॅलरी. त्यात दोन छोटे चमचे साजूक तूप घातलं की ८० वाढल्या, वाटी मात्र तेवढीच राहिली. तूप वरून सोडून उपयोग नाही, वरचा घास तुपकट होतो आणि मूल तोंड फिरवतं. भात गरम असतानाच चमच्याने चेचून पूर्ण मुरवायचं. पाचच्या जागी चार चमचे भात खाल्ला तरी हिशोब जुळतो. डाळीचं पाणी बंद, डाळ घोटून घट्ट घालायची. वरणाच्या पातेल्यात तळाशी बसतं ते तिचं, वरचं पाणी मोठ्यांचं.

शेंगदाण्याचं कूट हा दुसरा हुकमी एक्का. दोन छोट्या चमच्यांत ३५-४० कॅलरी. पण नीट बारीक, जाडंभरडं नको. अख्खे दाणे, फुटाणे, चणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत देऊच नका, श्वासनलिकेत अडकतात. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, चवीला कडवट असतील ते टाकून द्या. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते आणि तिचं विष भाजून जात नाही. म्हणून कूट आठवड्यापुरतंच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पहिल्यांदा देताना पाव चमचा द्या आणि अंगावर गांधी, ओठांना सूज, उलटी होते का ते दोन तास पाहा. हे सकाळी करा, रात्री नको.

नाचणीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक सगळ्यात जास्त होते. नाचणीच्या पिठाची खीर शिजली की घट्ट होते, लेक घट्ट खात नाही, म्हणून आपण पाणी घालतो आणि वाटीत उरतं ते नाचणीच्या रंगाचं पाणी. यावर मोडाच्या पिठाचा उपाय आहे. नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवून फडक्यात बांधा, दीड-दोन दिवसांत मोड येतात. ते पंख्याखाली आणि मग उन्हात कडकडीत वाळवा, अगदी मंद आचेवर नुसती धग द्या, आणि दळा. खमंग भाजलंत तर मोडातला पाचक अंश मरतो आणि पीठ साधं पीठ राहतं. आता खीर नेहमीपेक्षा दीडपट पीठ घेऊन दुधात घट्ट शिजवा, खाली उतरवा, बोटाला चटका बसेल-न बसेल इतकी निवली की अर्धा चमचा मोडाचं पीठ ढवळा. दहा मिनिटांत ती आपोआप सैल होते. पुन्हा एक उकळी काढा, तूप घाला, झालं. पातळपणा तोच, अन्न दीडपट. मुंबईच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर मोड नीट वाळत नाहीत आणि बुरशी धरते, तेव्हा उन्हाळ्यातच करून हवाबंद बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. बाजारात मिळणारं वस्त्रगाळ नाचणीसत्त्व वेगळं. ते बहुतांशी पिष्ट असतं, गाळण्यात बाकीचं निघून जातं.

अंडं खात असाल तर रोज एक, तुपात भुर्जी करून किंवा भातात कालवून: तूप धरून ११० कॅलरी. अंडं नसेल तर बेसनाचं नाहीतर मूगडाळीचं धिरडं. मासे खाणाऱ्या घरात पापलेट किंवा रावस आधी द्या, काटे मोठे असतात, हाताला लागतात. बोंबील-मांदेली चवीला आवडतात, पण काटा बारीक. ते बोटांनी दोनदा चाचपूनच. उकडलेला बटाटा लोण्यात, केळ्याचं शिकरण, खजुराची पेस्ट घातलेला शिरा, मेतकूट-तूप-भात, हे सगळं चालतं. ज्यूस नको, भाजीचं सूप नको, साबुदाण्याची पातळ पेज नको. ही सगळी 'पौष्टिक' नावाने पोट भरणारी पाणीदार मंडळी आहेत. पाच रुपयांच्या चिप्सच्या पाकिटाबद्दल वेगळं सांगायला नको. प्रथिनांची चिंताही सोडा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला १२-१३ ग्रॅम प्रथिनं पुरतात आणि ४५० मिली दुधातूनच तेवढी मिळतात. प्रोटीन पावडर घेणं म्हणजे भरलेल्या हंड्यात पाणी ओतणं.

वेळापत्रकात एकच नियम पाळायचा: दोन खाण्यांत अडीच-तीन तास, आणि मध्ये फक्त पाणी. तुमच्या घरच्या घड्याळात ते असं बसेल. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, साडेसातला, तुम्ही निघायच्या आधी नाश्ता: शिरा, धिरडं किंवा साय-पोळी, आणि सोबत पेल्यात १०० मिली दूध. साडेदहाला पाळणाघरात फळ किंवा खीर. एक वाजता वरणभात. झोपून उठल्यावर चारला १५० मिली दूध आणि राजगिऱ्याचा लाडू कुस्करून. संध्याकाळी सातला जेवण, आजीच्या हातचं. तुमची लोकल आठला येते म्हणून लेकीला दहापर्यंत थांबवू नका, तोवर ती पेंगते आणि मग बाटलीच उरते. तुम्ही जेवताना तिला मांडीवर घेऊन चार घास वरचे मिळाले तर ते बोनस. झोपायच्या आधी उरलेलं २०० मिली दूध.

पाळणाघराच्या डब्याचं वेगळं बघावं लागतं. सकाळी आठला भरलेला दूधभात किंवा खीर एक वाजेपर्यंत मुंबईच्या उकाड्यात आंबते, आणि जुलाबाची सुरुवात अनेकदा तिथूनच होते. फ्रिज आहे का ते विचारा. नसेल तर दुधाचे पदार्थ घरी, डब्यात कोरडे. घरी भाजून दळलेलं खिमटाचं पीठ (दोन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ, धुऊन वाळवून भाजलेले) छोट्या डबीत द्या, तिथल्या मावशी तीन मोठे चमचे पीठ पेलाभर पाण्यात पाच-सात मिनिटं शिजवतील. तूप आणि कूट वेगळ्या डब्यांत द्या आणि झाकणावर लिहा: 'तूप २ चमचे, कूट २ चमचे'. तोंडी सांगितलेलं तिसऱ्या दिवशी विसरलं जातं. आणि डब्यात काय उरलं ते फेकू नका म्हणावं, परत पाठवा. खरा आकडा त्यातूनच कळतो.

मोबाइल. तो लावला की तोंड उघडतं हे खरं, पण लेक जेवत नसते, गिळत असते. भूक लागली, पोट भरलं, हे तिला कळेनासं होतं आणि हळूहळू मोबाइलसकट नकार सुरू होतो. तो बंद केला की पहिले चार-पाच दिवस ती कमी खाईल, वजन शंभर ग्रॅम उतरेलही. त्या वेळी माघार घेतलीत तर पुन्हा पहिल्यापासून. तिला जमिनीवर किंवा उंच खुर्चीत, सगळ्यांबरोबर, तिची वेगळी ताटली देऊन बसवा. चार घास तिच्या हाताने, मधले तुमच्या. सांडेल, खाली वर्तमानपत्र टाका. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचला, ओरडा नको, आर्जवं नकोत, 'चिऊचा घास' एकदा ठीक, वीस वेळा नको. नाक दाबून, हात धरून भरवलेला घास त्या वेळी पोटात जातो, पण पुढच्या जेवणाला ती चमचा पाहूनच उमासे काढते. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो तेव्हा कुठे तो ओळखीचा होतो. तीनदा थुंकला म्हणजे 'आवडत नाही' असं नसतं. शी कडक होत असेल, दोन-तीन दिवसांनी होत असेल, तर तेही भूक न लागण्याचं मोठं कारण आहे. दूध कमी झाल्यावर बहुधा सुटतं, नाहीतर डॉक्टरांना सांगा.

टॉनिकचं उत्तर 'नाही'. भुकेची म्हणून दिली जाणारी बरीच सिरपं सायप्रोहेप्टाडिनची असतात. ते मुळात ॲलर्जीचं औषध, गुंगी आणतं, बंद केलं की भूक पुन्हा होती तिथे, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही. माल्टच्या पावडरीत मोठा वाटा साखरेचा असतो. त्या पैशांत महिन्याचं साजूक तूप येतं.

पावसाळ्यात जुलाब झाले तर खाणं बंद करू नका. प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली ओआरएस, पाकीट सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच, आणि झिंक २० मिलिग्रॅम रोज, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. आजारानंतर भूक खवळते, ते दिवस वाया जातात ते 'पोट नाजूक आहे' म्हणून पेजेवर ठेवल्याने.

वजन पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर, सकाळी नाश्त्याआधी, नुसत्या चड्डीवर. आईने लेकीला घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, यात पाव किलो सहज इकडेतिकडे होतो. डॉक्टरांकडचा किंवा अंगणवाडीतला काटा बरा. एक ग्रॅम वजन वाढायला साधारण ५ कॅलरी जास्तीच्या लागतात. या वयात रोजचे ७-८ ग्रॅम नेहमीचेच. म्हणून रोज २०० कॅलरी वाढल्या तरी महिन्याला किलो वाढणार नाही, धावपळ आणि सर्दीतापात बरंच जातं. २५० ते ३०० ग्रॅम महिन्याला वाढली तर गाडी नीट चालली आहे. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही तर बदल होत आहेत का ते तपासा: पहाटेची बाटली खरंच बंद आहे का, तूप खरंच दोन चमचे पडतं का.

दोन महिने हे सगळं करूनही वाढ नसेल, किंवा मधेच वजन उतरलं, उलट्या राहिल्या, गिळताना ठसका लागतो, दूध पिताना घाम येऊन धाप लागते, चालणं-बोलणं मागे आहे, तर पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडे. पालिकेच्या केईएम, सायन, नायर, कूपर रुग्णालयांत बालरोग विभाग आहेत, परळला वाडिया रुग्णालय खास मुलांचंच आहे. जाताना वजनाच्या नोंदींचं कार्ड आणि तीन दिवस लेकीने खाल्लेल्याची वेळेसकट, चमच्यांच्या हिशोबाने लिहिलेली यादी घेऊन जा. 'काहीच खात नाही' यावरून डॉक्टरांना काही कळत नाही, 'एक वाजता चार चमचे भात, दीड वाजता १८० मिली दूध' यावरून कळतं.